नो सोल्युशन

उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, 'सिस्टिम इज इनकन्सिस्टंट. हेन्स नो सोल्युशन.' खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. समासात लाल पेनाने सहापैकी दोन.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, परतीचा पाऊस. नारायण पेठेतल्या आमच्या घरी ती आली ती ओली छत्री कुठे ठेवू म्हणून दारातच घुटमळत. आमच्या सुनेच्या मावसबहिणीची मुलगी. घर सांगलीकडे, राहायला कर्वेनगरला पीजीत, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. नात्याने मी तिची कोण लागते हे ठरवण्यात आम्ही दोघींनी पाच मिनिटं घालवली आणि शेवटी 'मॅडम'वर आलो. एकतीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवल्यावर दुसरी कुठली हाक मला लवकर ऐकूही येत नाही.

मिड-सेम तीस मार्कांची होती. तिला तेरा. बारावीला गणितात ९४ होते हे तिने न विचारताच सांगितलं. सेकंड इयरला गटांगळी खाल्लेलं प्रत्येक मूल हे आधी सांगतं.

विषय असा. कॉलेज स्वायत्त, अभ्यासक्रम स्वतःचा. तिसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचा एकच पेपर, लिनिअर अल्जेब्रा अँड डिफरन्शियल इक्वेशन्स. मराठी विश्वकोशात मॅट्रिक्सला, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीला, आव्यूह म्हणतात आणि डिफरन्शियल इक्वेशन्सना अवकल समीकरणे. शब्द देखणे आहेत, पण एकतीस वर्षांत वर्गात कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत, म्हणून इथेही वर्गातलेच शब्द चालवते. आपल्या पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये हा सगळा माल गणिताच्या तीन पेपरांत विभागलेला होता. मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू एम-वनला, पहिल्या ऑर्डरची इक्वेशन्स एम-टूला, वरच्या ऑर्डरची एम-थ्रीला. आयआयटी मुंबईत बरीच वर्षं अर्ध्या-अर्ध्या सेमिस्टरचे दोन वेगळे कोर्स चालायचे. अमेरिकेत बर्कलीला मॅथ ५४ म्हणून दोन्ही एकत्रच शिकवतात. एकत्र शिकवण्यामागचा विचार मला मनापासून पटतो. मात्र हिच्या कॉलेजात ते एकत्र झालं होतं फक्त टाइमटेबलवर. सोमवार-मंगळवार एक सर लिनिअर अल्जेब्रा घ्यायचे, गुरुवार-शुक्रवार दुसऱ्या मॅडम डीई. बुधवारी कुणीच नाही.

तिने पिशवीतून दोन वह्या काढल्या. दोन्ही नीटनेटक्या, दोन्हींत प्रत्येक गणित पूर्ण. मी आधी वह्याच चाळल्या, कारण उत्तरपत्रिकेत चूक दिसते आणि ती आली कुठून ते वहीत दिसतं. सोमवारच्या वहीत एक्स म्हणजे शोधायचा व्हेक्टर. गुरुवारच्या वहीत एक्स कधी स्वतंत्र चल, आणि पुढच्या धड्यात तोच एक्स काळावर अवलंबून असलेली राशी. सोमवारी आयगेनव्हॅल्यूला लॅम्डा, गुरुवारी ऑक्झिलरी इक्वेशनच्या रूटला एम. आणि 'होमोजिनिअस' हा शब्द तर एकाच सेमिस्टरमध्ये तीन अर्थांनी आला होता: उजवीकडे शून्य असलेली समीकरणांची सिस्टिम, उजवीकडे शून्य असलेलं डिफरन्शियल इक्वेशन, आणि डीवाय बाय डीएक्स हे फक्त वाय बाय एक्सचं फंक्शन असतं ते इक्वेशन. पहिले दोन अर्थ सख्खे भाऊ आहेत, तिसऱ्याचं त्यांच्याशी फक्त आडनाव जुळतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीही वर्गात सांगितलं नसेल.

आता तो प्रश्न. दोन डिफरन्शियल इक्वेशन्सची सिस्टिम, मॅट्रिक्सची पहिली ओळ −१, १. दुसरी ओळ ०, −१. सुरुवातीला एक्स शून्य आणि वाय एक. सोडवा.

तिने आयगेनव्हॅल्यू काढल्या: −१ आणि −१. बरोबर. आयगेनव्हेक्टर, म्हणजे मॅट्रिक्स लावली तरी जो आपल्याच रेषेवर राहतो आणि फक्त आयगेनव्हॅल्यूच्या पटीत बदलतो तो व्हेक्टर, काढला: (१, ०). बरोबर. दुसरा आयगेनव्हेक्टर काढायला गेली तर पुन्हा (१, ०). मग तिने दोन्ही लिहून टाकले. सी-वन गुणिले (१, ०) गुणिले ई रेज टू मायनस टी, अधिक सी-टू गुणिले तोच व्हेक्टर गुणिले तेच ई रेज टू मायनस टी. टी शून्य ठेवल्यावर वरच्या ओळीत सी-वन अधिक सी-टू बरोबर शून्य, खालच्या ओळीत शून्य बरोबर एक. सोमवारच्या वहीत अशी ओळ आली की काय लिहायचं हे ठरलेलं होतं. रँक (स्वतंत्र ओळींची संख्या) जुळत नाही, सिस्टिम इनकन्सिस्टंट, म्हणजे समीकरणं एकमेकांशी विसंगत, नो सोल्युशन. तिने ते लिहिलं, रेघा मारल्या, पुढच्या प्रश्नाकडे वळली.

तपासणाऱ्याने दुसऱ्या आयगेनव्हेक्टरभोवती लाल गोल काढला होता आणि दोन मार्क दिले होते. शेवटच्या ओळीला हातही लावला नव्हता. मला मात्र सगळ्या पेपरात तीच ओळ मोलाची वाटली. आयगेनव्हेक्टरची चूक म्हणजे नियम आठवला नाही, एवढंच. ती कुणाचीही होते. 'नो सोल्युशन' ही साधी विसरभोळी चूक नव्हती. लिनिअर अल्जेब्रात 'सोल्युशन नाही' हे अब्रूदार उत्तर आहे, त्याला पूर्ण मार्क मिळतात. डीईच्या या धड्यात ते उत्तर असूच शकत नाही. कॉन्स्टंट मॅट्रिक्स असलेल्या लिनिअर सिस्टिमला सुरुवातीची स्थिती दिली की सोल्युशन असतंच, आणि एकच असतं. हे प्रमेय तिच्या गुरुवारच्या वहीत चौकटीत लिहिलेलं होतं, पिवळ्या हायलायटरने. मी पान उघडून समोर ठेवलं.

"हे माहितीये का?"

"हो, एक्झिस्टन्स-युनिकनेस. दोन मार्कांना येतं."

"आणि हे?" मी उत्तरपत्रिका शेजारी ठेवली.

ती बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण मॅडम, हे तर मॅट्रिक्सचं गणित होतं ना?"

प्रकरण इथेच उलगडलं, पुढचं सगळं तपशील.

त्या संध्याकाळी मी आयगेनव्हेक्टरचं नावही काढलं नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, एकीतून दुसरीत आणि दुसरीतून नळांना. दर मे महिन्यात टाक्या धुतल्या की वॉचमन वरच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतो. तेव्हा स्वयंपाकघरातला नळ सोडून उभं राहिलं तर एक गंमत कळते. पहिल्या पाण्याला वास नसतो. हळूहळू चढतो, एका क्षणी नाकात जातो, मग उतरायला लागतो. पावडर टाकताक्षणी सर्वांत जास्त ती वरच्या टाकीत असते आणि तिथे ती कमीच होत जाते. खालच्या टाकीत मात्र आधी वाढते, मग घटते.

मी कागदावर दोन चौकोन काढले. वरची टाकी ५०० लिटर, खालचीही ५००. पाणी मिनिटाला ५० लिटर येतं, तितकंच पुढे जातं, दोन्ही टाक्या कायम भरलेल्या. वरच्या टाकीत २०० ग्रॅम पावडर पूर्ण विरघळलेली, खालचीत काहीच नाही. (क्लोरीन उडून जातो वगैरे इथे सोडून द्यायचं. केमिकलची मुलं भांडायला येतात म्हणून सांगून ठेवते.) वरच्या टाकीतला पावडरीचा दहावा भाग दर मिनिटाला या वेगाने बाहेर पडतो. खालच्या टाकीत तेवढाच येतो आणि तिच्यातला दहावा भाग त्याच वेगाने बाहेर जातो.

"इक्वेशन्स लिही. खालचीला एक्स म्हण, वरचीला वाय."

तिने लिहिली. एक्सचं डेरिव्हेटिव्ह बरोबर −०.१ एक्स अधिक ०.१ वाय. वायचं डेरिव्हेटिव्ह बरोबर −०.१ वाय. मॅट्रिक्स करून बघितलं तर पहिली ओळ −०.१, ०.१, दुसरी ओळ ०, −०.१. तिने मान वर केली. पेपरातलंच गणित होतं, फक्त दर एकाऐवजी ०.१.

"आता मला सांग, या टाक्यांना सोल्युशन नाही म्हणजे काय? आमच्या सोसायटीला पाणी येणार नाही?"

ती हसली. मग तिने जे केलं ते मी सुचवलेलं नव्हतं. मॅट्रिक्स बाजूला ठेवून तिने कागदावरचं खालचं, म्हणजे वायचं, इक्वेशन आधी सोडवलं: वाय बरोबर २०० ई रेज टू मायनस ०.१ टी. ते वरच्या इक्वेशनमध्ये घातलं. उरलं पहिल्या ऑर्डरचं लिनिअर इक्वेशन, जे तिने एव्हाना पन्नास वेळा सोडवलं असेल. इंटिग्रेटिंग फॅक्टर ई रेज टू ०.१ टी. गुणल्यावर उजवीकडचा ई आणि इंटिग्रेटिंग फॅक्टरचा ई एकमेकांना खाऊन बसले आणि उरलं नुसतं वीस. विसाचं इंटिग्रेशन वीस टी. सुरुवातीला खालची टाकी कोरी, म्हणून कॉन्स्टंट शून्य. एक्स बरोबर २० टी ई रेज टू मायनस ०.१ टी.

चार ओळी. सहा मार्कांचं जे गणित तिने 'नो सोल्युशन' म्हणून सोडलं, ते तिला गुरुवारच्या वहीच्या तिसऱ्या आठवड्यापासून येत होतं.

'रिपीटेड रूट आला की टी लावायचा', म्हणजे तीच आयगेनव्हॅल्यू दोनदा आली की टीने गुणलेलं पद घ्यायचं, हा नियम तिला पाठ होता. टी येतो कुठून, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वरची टाकी ज्या दराने रिकामी होते, खालचीही नेमक्या त्याच दराने. दोन्ही ई एकमेकांना पुरते खाऊन टाकतात, मागे कॉन्स्टंट राहतो आणि कॉन्स्टंटचं इंटिग्रेशन म्हणजे टी.

मग कॅल्क्युलेटर काढला. ५ मिनिटांनी खालच्या टाकीत ६०.७ ग्रॅम, १० मिनिटांनी ७३.६, २० मिनिटांनी ५४.१, ४० मिनिटांनी १४.७. सर्वांत जास्त दहाव्या मिनिटाला, आणि तेव्हा वरच्या टाकीतही बरोबर ७३.६. हा योगायोग नाही हे तिचं तिनेच सांगितलं: खालचीत वाढ थांबते त्या क्षणी येणारं आणि जाणारं सारखं असतं, म्हणजे एक्स आणि वाय सारखे. पेपरात एवढं उत्तर कुणी मागत नाही. मला मात्र तेव्हाच वाटलं की मुलीची गाडी रुळावर आहे.

"आता खालची टाकी २५० लिटरची कर."

खालचीचा दर ०.२ झाला. आयगेनव्हॅल्यू −०.१ आणि −०.२, आयगेनव्हेक्टर (१, १) आणि (१, ०), दोन वेगळे. एक्स बरोबर २०० गुणिले दोन ईंची वजाबाकी. कमाल ५० ग्रॅम, सातव्या मिनिटाच्या जरासं आधी. टी कुठेच नाही. मग मी दर ०.१०१ करायला सांगितला, म्हणजे साधारण ४९५ लिटरची टाकी. आयगेनव्हॅल्यू वेगळ्या, पण जेमतेम. दहाव्या मिनिटाला उत्तर आलं ७३.२. सारख्या टाक्यांचं ७३.६ होतं. दोन ईंची वजाबाकी भागिले दरातला फरक, आणि फरक शून्याकडे न्यायचा: ही तर डेरिव्हेटिव्हची व्याख्याच. टी तिथूनही बाहेर पडतो. पाच लिटरच्या फरकाने टाकीचं वागणं फारसं बदलत नाही, बदलतो तो फक्त कागदावरचा फॉर्म्युला. हे तिने वहीत लिहून घेतलं. कुठल्या वहीत लिहावं यावर क्षणभर अडली, आणि मी मुद्दाम काही बोलले नाही.

जाताना तिने विचारलं, पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी खडकवासल्यात येतं, मग हे सगळं तिथेही असंच चालेल का? प्रश्न चांगला. पण सांडव्यावरून जाणारं पाणी वरच्या पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने वाढतं, ते लिनिअर नाही. मिठाचं किंवा पावडरीचं गणित लिनिअर बसतं, कारण पाण्याचा प्रवाह आपण ठरवून ठेवलेला असतो. खडकवासल्याचा विसर्ग किती हजार क्युसेक हे पुण्यात पावसाळाभर जो तो एकमेकांना विचारत असतो, पण त्याला हा कोर्स पुरत नाही.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. 'मॅडम, पायथन दोन आयगेनव्हेक्टर देतंय.' सोबत स्क्रीनचा फोटो. कॉम्प्युटरची मुलगी, नमपाय ही पायथनची गणिताची लायब्ररी उघडून तिने पेपरातली मॅट्रिक्स टाकली होती. उत्तरात दोन कॉलम. पहिला (१, ०). दुसरा (−१, आणि खाली २.२२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात). दिसायला दोन वेगळे व्हेक्टर, आणि मशिन म्हणतंय म्हटल्यावर वाद कसला.

मी फोनच केला. "तो खालचा आकडा किती आहे?"

"खूप छोटा."

"खूप म्हणजे किती? तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?"

थोड्या वेळाने तिकडून हळूच, "मशिन एप्सिलॉन." म्हणजे शून्यच, मशिनच्या राउंडिंगमधून राहिलेलं. दोन्ही कॉलम एकाच रेषेवरचे, एक उलट्या दिशेचा. मशिनने रकाने भरून दिले होते. ते स्वतंत्र आहेत की नाहीत हे बघायचं काम तिचं. तिने डिटर्मिनंट काढलं (व्हेक्टर स्वतंत्र नसले की ते शून्य येतं), तेही दहाच्या उणे सोळाव्या घातातलं. इथे मला जरा बरं वाटलं, कारण या वेळी तिने मान्य करायच्या आधी विचारलं होतं.

दुसरी भेट दिवाळीच्या सुट्टीआधी. मी पाच मॅट्रिक्स लिहून ठेवल्या होत्या. पहिल्या तीन तिने झपाट्याने सोडवल्या. चौथी होती पहिली ओळ −०.१, ०, दुसरी ०, −०.१. तिने आयगेनव्हॅल्यू बघितल्या, दोन्ही −०.१, आणि लगेच टी लावला.

याची मला थोडी अपेक्षा होतीच. नियम नव्याने उमजला की माणूस तो दिसेल तिथे लावतो. "याच्या टाक्या काढ," मी म्हटलं. तिने दोन चौकोन काढले, त्यांच्यामध्ये नळी काढायला गेली आणि थांबली. नळी नव्हतीच. दोन वेगळ्या इमारतींच्या गच्च्यांवरच्या दोन सुट्या टाक्या. एकीतली पावडर दुसरीत जातच नाही, मग आधी वाढून मग घटणार काय? दोन्ही मुकाट कमी होणार. आयगेनव्हॅल्यू एकच, पण आयगेनव्हेक्टर दोन. टीला जागाच नाही.

मी तिला सांगितलं की या चुकीत ती एकटी नाही, लाग्रांजसारखा मोठा गणिती तिच्या शेजारी बसलाय. अठराव्या शतकात छोट्या हेलकाव्यांचा अभ्यास करताना तो धरून चालला होता की समान रूट आले की सोल्युशनमध्ये टी येणारच आणि हेलकावे वाढत जाऊन समतोल ढासळणार. त्या प्रकारच्या सिस्टिममध्ये तसं होत नाही, समान रूट आले तरी टी येत नाही, हे वायरश्ट्रासने १८५८ मध्ये दाखवलं. कारण तिथल्या मॅट्रिक्स सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्या) असतात, आणि सिमेट्रिक मॅट्रिक्सला आयगेनव्हेक्टर कधीच कमी पडत नाहीत. त्याच १८५८ साली केलीचा मॅट्रिक्सवरचा निबंध आला. 'मॅट्रिक्स' हा शब्द सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये आणला होता. म्हणजे ही भानगड मॅट्रिक्सची हिशेबवही नीट उघडायच्या आधीपासूनची, आणि ती उपजली ती डिफरन्शियल इक्वेशन्सच्या घरात. दोन विषय पुढे पाठ्यपुस्तकांनी वेगळे केले.

मुलीला लाग्रांजचं फारसं कौतुक वाटलं नाही. तिला काय हवं होतं ते तिने सरळ विचारलं: "मग परीक्षेत टी लावायचा की नाही हे कशावरून ठरवायचं?"

रास्त प्रश्न. आणि उत्तर तिच्या सोमवारच्या वहीत होतं. मॅट्रिक्समधून लॅम्डा आय (आय म्हणजे कर्णावर एक आणि बाकी शून्य असलेली मॅट्रिक्स) वजा करायचं, रँक काढायची, आणि ती मॅट्रिक्सच्या आकारातून वजा करायची. जेवढे उरतील तेवढे स्वतंत्र आयगेनव्हेक्टर. जोडलेल्या टाक्यांना रँक एक, दोनातून एक गेला, उरला एक: एक कमी पडतो, म्हणून टी. सुट्या टाक्यांना रँक शून्य, उरले दोन, काही कमी पडत नाही. रँक काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. फक्त रँक ही 'सोमवारची गोष्ट' होती.

मग तिने स्वतःच मागे जाऊन एक धागा ओढला. सोमवारच्या वहीत ए एक्स बरोबर बी याचं पूर्ण उत्तर म्हणजे एक कुठलंही उत्तर अधिक नल स्पेस, म्हणजे उजवीकडे शून्य ठेवल्यावर मिळणारी सगळी उत्तरं. गुरुवारच्या वहीत सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, उजवीकडे शून्य ठेवून आलेलं उत्तर) अधिक पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल, एक कुठलंही उत्तर). तिने दोन्ही पानं शेजारी ठेवली. "मॅडम, सीएफ म्हणजे नल स्पेसच की हो." मी हो म्हटलं. सेकंड ऑर्डरच्या इक्वेशनला सीएफमध्ये दोनच कॉन्स्टंट का, याचंही उत्तर तेच, त्या नल स्पेसचं डायमेन्शन दोन. तिच्या पहिल्या उत्तरपत्रिकेतलं उत्तर याच फूटपट्टीने मोजता आलं असतं. दोन इक्वेशन्सच्या सिस्टिमला दोन स्वतंत्र सोल्युशन्स लागतात, तिच्याकडे एकच होतं आणि तेच दोनदा लिहिलेलं. सी-वन आणि सी-टू ही दोन नावं होती, माणूस एकच. बेरीज-वजाबाकीने उत्तर जुळेना तेव्हा 'सोल्युशन नाही' याऐवजी 'माझ्याकडे सोल्युशन्स कमी आहेत' एवढं जरी लिहिलं असतं, तरी मी असते तर चार मार्क दिले असते.

पाचवी मॅट्रिक्स तीन बाय तीनची होती, दोन जोडलेल्या टाक्या आणि एक सुटी. तिने रँक काढली, एक आली, आयगेनव्हेक्टर दोन, एक कमी. टी एकदाच, टी स्क्वेअर नाही. बरोबर.

माझ्या पद्धतीत एक खोट राहिली ती इथेच सांगते. टाक्यांनी मुलीला समज आली, पण तिच्या कॉलेजच्या पेपरात जनरलाइज्ड आयगेनव्हेक्टरची रीत अपेक्षित होती. मॅट्रिक्स वजा लॅम्डा आय हे ज्याला लावलं की जुना आयगेनव्हेक्टर मिळतो असा व्हेक्टर शोधायचा. मिड-सेमच्या मॅट्रिक्सला तो (०, १), आणि दुसरं सोल्युशन म्हणजे तो अधिक टी गुणिले जुना, सगळ्याला ई रेज टू लॅम्डा टीने गुणून. मी हे शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं. तिला ते कळलं, हाताला मात्र बसलं नाही. मला वाटलं, अर्थ कळल्यावर रीत काय, येईल आपोआप. शिक्षकाने एवढ्या वर्षांनंतर तरी असं मानू नये.

डिसेंबरमध्ये एंड-सेम झाली. जोडलेल्या सिस्टिमचा प्रश्न आला, आठ मार्कांना, दर −२ आणि −२. तिने खालचं इक्वेशन आधी सोडवलं, इंटिग्रेटिंग फॅक्टर लावला, उत्तर अचूक आलं. निकाल लागल्यावर तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि मला पाठवली. त्या प्रश्नाला आठपैकी पाच. समासात लाल अक्षरात 'मेथड?'

प्रश्नात रीत दिलेली नव्हती. 'सोडवा' एवढंच होतं. मी तिला पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भर म्हटलं, हवं तर चिठ्ठी मी लिहून देते म्हटलं. तिने हिशेब केला. तीन मार्क वाढले तरी ग्रेड तीच राहत होती आणि फी वाया. तिने फॉर्म भरला नाही. बाकीचे मार्क त्याच पेपरातल्या लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या सेकंड शिफ्टिंग प्रमेयात गेले होते, आणि तिथे तिचंच चुकलं होतं.

छायाप्रतीत त्या आठ मार्कांच्या उत्तराखाली पेन्सिलने बारीक लिहिलेली एक ओळ दिसते, तपासणाऱ्यासाठी नसावी: 'दोन वजा रँक बरोबर एक, म्हणून टी. टी शून्य ठेवून पाहिलं, जुळतं.'